‘जमेल का?’ हे इंग्लिशमध्ये कसं विचारायचं

प्रश्न असा आला आहे: ‘ताई, मी वाळपईची. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्लिश, यंदा बी.कॉम. झाले. एक तारखेपासून म्हापशाला दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर लागतेय. सीझनमध्ये परदेशी पेशंट बरेच असतात म्हणे. लिहिता-वाचता येतं, पण फोनवर अपॉइंटमेंट द्यायची किंवा बदलायची म्हटलं की जीभ अडकते. कुठली वाक्यं पाठ करू?’

तुझं इंग्लिश कच्चं नाही, हे आधी सांगते. बी.कॉम.चे पेपर इंग्लिशमध्ये लिहून पास झालेल्या मुलीला शब्द कमी पडत नाहीत. मी स्वतः पणजीत दातांच्याच दवाखान्यात 17 वर्षं फोन घेतला आणि आता 8 वर्षं संध्याकाळी मुलामुलींना बोलायला शिकवते. अडतं कुठे ते मला रोज दिसतं. आपण मनात मराठी वाक्य धरतो, त्याचा शब्द न् शब्द बरोबर उलटवतो, आणि तरी समोरच्याला भलतंच ऐकू जातं. म्हणून पन्नास वाक्यं पाठ करू नकोस. पंधरा पुरतात. मात्र ती मराठीशी कुठे जुळतात आणि कुठे फसवतात, ते नीट समजून घे.

जुळणारी आधी घेऊ. ‘गुरुवारी जमेल का?’ हे आपण दिवसातून दहादा विचारतो. इंग्लिशमध्ये त्याला तोडीस तोड वाक्य आहे: ‘कॅन यू मेक इट ऑन थर्सडे?’ इथे ‘मेक’चा बनवण्याशी काही संबंध नाही, ‘मेक इट’ म्हणजे जमणं. ‘नाही जमणार’ म्हणजे ‘आय कान्ट मेक इट’. ‘चालेल’ला ‘दॅट वर्क्स’ म्हण. ‘गुरुवार चालेल का तुम्हाला?’ म्हणजे ‘वुड थर्सडे वर्क फॉर यू?’ आणि ‘मग चार धरूया?’ म्हणजे ‘शॅल वी से फोर?’ ही पाच वाक्यं तोंडात बसली की निम्मी भीती जाते, कारण ती तुझ्याच रोजच्या बोलण्याची आहेत.

आता फसवणारी. फोन उचलला की आपण म्हणतो, ‘हां, बोला.’ त्याचं ‘येस, टेल मी’ करू नकोस, ते तोडून बोलल्यासारखं वाटतं. दवाखान्याचं नाव सांग, ‘गुड मॉर्निंग’ म्हण आणि पुढे ‘हाउ कॅन आय हेल्प यू?’ विचार. ‘कोण बोलतंय?’ हे मराठीत साधं आहे, पण ‘हू आर यू?’ म्हणजे दारावर अडवणं झालं. ‘मे आय हॅव युअर नेम, प्लीज?’ असं विचार. ‘काय काम होतं?’साठी ‘मे आय आस्क व्हॉट इट इज अबाउट?’ आणि ‘थांबा हं’साठी ‘वन मोमेंट, प्लीज’. नुसतं ‘वेट’ कधीच नको.

हे असं का होतं, त्याचं कारण एकदा कळलं की प्रत्येक वाक्य वेगळं घोकावं लागत नाही. आपला आदर क्रियापदात असतो. ये, या, यावं, याल का, या पायऱ्या आपल्याला कुणी शिकवाव्या लागत नाहीत. इंग्लिशमध्ये सगळ्यांना एकच ‘यू’. म्हणून त्यांचा मान ‘कुड’ आणि ‘वुड’मध्ये जाऊन बसला आहे. ‘तुम्हाला नऊला यावं लागेल’ हे आपल्या कानाला आर्जवी वाटतं, कारण त्यात ‘तुम्हाला’ आहे. ‘यू हॅव टू कम अ‍ॅट नाइन’मध्ये तो ‘तुम्हाला’ विरघळून जातो आणि नुसता हुकूम उरतो. मागे ‘प्लीज’ चिकटवलं तरी हुकूम तो हुकूमच. त्याऐवजी ‘कुड यू कम अ‍ॅट नाइन?’ किंवा ‘द डॉक्टर कॅन सी यू अ‍ॅट नाइन’ असं म्हण. इथे ‘सी’ म्हणजे तपासणं. नकार द्यायचा तर ‘नो, नॉट पॉसिबल’ नको. ‘आय अ‍ॅम अफ्रेड वी आर फुल ऑन ट्यूजडे’ म्हण. यात घाबरण्याचं काही नाही, ‘आय अ‍ॅम अफ्रेड’ म्हणजे आपलं ‘माफ करा, पण’. नकाराच्या पाठोपाठ दोन पर्याय पुढे ठेव: ‘आय कॅन गिव्ह यू थर्सडे अ‍ॅट टेन थर्टी ऑर फ्रायडे अ‍ॅट फोर. विच इज बेटर फॉर यू?’ एकच वेळ दिलीस तर समोरच्याला हो किंवा नाही एवढंच म्हणता येतं. दोन दिल्यास की तो निवडतो, आणि स्वतः निवडलेली वेळ माणूस सहसा चुकवत नाही.

एक फोन कसा जातो ते बघ. कळंगुटला उतरलेला एक इंग्रज गृहस्थ बोलतोय, दाताचा तुकडा पडलाय. तो म्हणतो, ‘एनी चान्स ऑफ चूझडे?’ तुला ‘चूझडे’ हा वारच माहीत नाही! तो ट्यूजडेच आहे, बरेचसे इंग्रज तो असाच उच्चारतात. त्यात ट्यूजडे आणि थर्सडे फोनवर एकमेकांत मिसळतात. म्हणून नुसता वार कधी स्वीकारायचा नाही, तारीख जोडून परत म्हणायचा: ‘ट्यूजडे, द थर्टीन्थ ऑफ जॅन्युअरी?’ आता थर्टीन्थ आणि थर्टिएथ हेही जुळे भाऊ. पण वार आणि तारीख एकत्र असली की एक दुसऱ्याला पकडतो, कारण तेरा मंगळवारी असेल तर तीस मंगळवारी असूच शकत नाही. तरीही शंका वाटली तर आकडे सुटे कर: ‘वन थ्री, थर्टीन्थ.’ तो ‘येस, लव्हली’ म्हणाला की मगच वहीत लिही.

पण अजून फोन ठेवू नकोस. आपल्या धंद्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न राहिलाय, आणि तो नवीन मुली हमखास विसरतात: ‘व्हेन आर यू फ्लाइंग बॅक?’ भरायचा दात असेल तर एका खेपेत काम होतं. कॅप बसवायची असेल तर माप घ्यायचं, लॅबला पाठवायचं आणि काही दिवसांनी पुन्हा बोलवायचं. माणूस पाचव्या दिवशी परत जाणार असेल आणि तू त्याला चौथ्या दिवशीची पहिली वेळ दिलीस, तर कॅपसाठी दात मशीनने घासून काम अर्धवट राहिलेला पेशंट विमानात बसतो. परत जायची तारीख कळली की पुढचं वाक्य: ‘यू विल नीड टू व्हिजिट्स. लेट मी बुक बोथ नाऊ.’ जायच्या दिवशी वेळ द्यावीच लागली तर कुठल्या विमानतळावरून जाणार तेही विचार. जानेवारी 2023 पासून मोपाही सुरू आहे, आणि म्हापशाहून मोपा व दाबोळी दोन उलट्या दिशांना आहेत. ‘आर यू फ्लाइंग फ्रॉम मोपा ऑर दाबोलिम?’ या एका प्रश्नाने निघायची वेळ ठरते.

घड्याळाची भाषा पुढे. साडे म्हणजे ‘हाफ पास्ट’, सव्वा म्हणजे ‘क्वार्टर पास्ट’, पावणे म्हणजे ‘क्वार्टर टू’. दीड आणि अडीच आपल्याकडे वेगळे शब्द आहेत, तिकडे ते सरळ ‘हाफ पास्ट वन’ आणि ‘हाफ पास्ट टू’. पावणेपाचवर माझे विद्यार्थी वर्षानुवर्षं अडखळतात. ‘क्वार्टर टू फाइव्ह’मधला ‘फाइव्ह’ कानात राहतो आणि वहीत सव्वापाच लिहिलं जातं. ‘टू’ म्हणजे पाच व्हायचे आहेत, इतकं धर. अमेरिकन पेशंट त्यालाच ‘क्वार्टर ऑफ फाइव्ह’ म्हणेल, तरी तेही पावणेपाचच. ‘टेन टू फोर’ म्हणजे चारला दहा कमी, पण आपण दवाखान्याची वेळ सांगतानाही ‘टेन टू फोर’ म्हणतो. एकाला ते तीन पन्नास वाटेल, दुसऱ्याला दहा ते चार. वेळ सांगायची असेल तर ‘फ्रॉम टेन टिल फोर’ म्हण.

इंग्रज माणूस ‘हाफ फोर’ म्हणाला तर ते आपलं साडेचार, मधला ‘पास्ट’ तो गाळतो. पण जर्मन किंवा रशियन पाहुणा ‘हाफ फोर’ म्हणाला, तर त्याच्या मनात बहुतेक साडेतीन असतात. त्यांच्या भाषांत चौथा तास निम्मा झाला, अशी मोजणी आहे. आपल्या किनाऱ्यावर तिघंही येतात. तेव्हा साडे कुणीही म्हणो, तू आकड्यात परत म्हण: ‘फोर थर्टी, इज दॅट राइट?’ फोनवर मी स्वतः सगळ्या वेळा अशा आकड्यातच सांगायचे. ऐकताना ‘क्वार्टर टू’ कळलं पाहिजे, पण बोलताना ‘फोर फॉर्टी-फाइव्ह’. दुपारी बारा हे ‘ट्वेल्व्ह नून’.

आता ‘पर्यंत’. हा एक शब्द आपण दोन कामांना वापरतो आणि इंग्लिशमध्ये त्याचे दोन तुकडे होतात. ‘शुक्रवारपर्यंत कळवा’ म्हणजे शुक्रवार उलटायच्या आत केव्हाही एकदा, ते ‘बाय फ्रायडे’. ‘शुक्रवारपर्यंत दवाखाना बंद’ म्हणजे तोवर सलग बंद, ते ‘अंटिल फ्रायडे’ किंवा ‘टिल फ्रायडे’. ‘प्लीज कन्फर्म अंटिल फ्रायडे’ म्हटलंस तर रोज कळवत राहा असं काहीतरी होतं. शिवाय ‘क्लोज्ड टिल फ्रायडे’मध्ये शुक्रवार बंद की उघडा, हे कुणालाच नक्की कळत नाही. चवथीच्या सुट्टीचा बोर्ड लावताना ‘वी रीओपन ऑन सॅटर्डे’ असा उघडायचा दिवस लिही. तसंच ‘दोन आठवड्यांनी या’ हे ‘कम इन टू वीक्स’. ‘आफ्टर टू वीक्स’ म्हटलं तर त्यानंतर केव्हाही, महिन्यानेही आलेलं चालेल असं वाटतं. टाके काढायचे असतात तेव्हा हा फरक लहान नसतो.

‘पुढे’ या शब्दाने मला एकदा फार वाईट अनुभव दिला. काणकोणला राहणाऱ्या एका वयस्क इंग्रज बाईंची बुधवारची वेळ होती. डॉक्टर दोन दिवस बाहेर जाणार होते, म्हणून मी फोन करून सांगितलं की तुमची अपॉइंटमेंट दोन दिवस ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’ झाली आहे. माझ्या मनात ‘पुढे ढकलली’ होतं, म्हणजे शुक्रवार. मराठीत पुढे ढकललेलं काम उशिराच होतं, यात कुणाला शंका नसते. त्या बाई सोमवारी सकाळी हजर! दोन तासांचा रस्ता, टॅक्सीचं भाडं, आणि डॉक्टरांचा सगळा दिवस भरलेला. साडेचारपर्यंत त्या बाकावर बसून होत्या, सुजलेला गाल हाताने धरून. एका शब्दाने त्यांना तो दिवस काढावा लागला, हे मी विसरलेले नाही.

पुढे कळलं की हा घोळ इंग्लिश बोलणाऱ्यांतही आहे. लेरा बोरोडित्स्की आणि मायकेल रॅम्स्कर या संशोधकांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना हेच विचारलं होतं: बुधवारची मिटिंग दोन दिवस ‘फॉरवर्ड’ सरकवली, तर आता ती कधी? काही सोमवार म्हणाले, काही शुक्रवार. विमानतळावर विचारलं तेव्हा नुकतेच विमानातून उतरलेले लोक, कुणाला घ्यायला आलेल्यांपेक्षा जास्त प्रमाणात शुक्रवार म्हणाले. म्हणजे ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांनाही नक्की नाही, तर आपण त्यावर विसंबू नये. वेळ बदलताना मागे, पुढे, ‘फॉरवर्ड’, ‘बॅक’ यांतलं काहीच बोलू नकोस. जुनी वेळ आणि नवी वेळ, दोन्ही सांग: ‘युअर अपॉइंटमेंट वॉज ऑन वेन्सडे द फोर्टीन्थ. इट इज नाऊ ऑन फ्रायडे द सिक्स्टीन्थ, सेम टाइम. इज दॅट ऑलराइट?’ कारण द्यायचं तर ‘समथिंग हॅज कम अप’ पुरे. पेशंटच वेळ बदलायला लागला तर तो ‘कुड वी रीशेड्यूल?’ म्हणेल. तू ‘नॉट अ प्रॉब्लेम’ म्हण आणि पुन्हा दोन पर्याय दे.

‘प्रीपोन’बद्दल, म्हणजे वेळ अलीकडे आणण्याबद्दल, तू विचारशीलच. तो आपल्या देशात घडलेला शब्द आहे, अर्थ चोख आहे आणि मला तो आवडतो. पणजीच्या एजंटला किंवा मुंबईच्या सप्लायरला बेधडक वापर. लंडनहून आलेल्या पेशंटला मात्र तो कळेलच असं नाही. ‘आउट ऑफ स्टेशन’चं तसंच. डॉक्टर गावाला गेलेत हे ‘द डॉक्टर इज अवे टिल मंडे’ म्हणून सांग, आणि सोमवारी भेटणार असतील तर ‘ही विल बी बॅक ऑन मंडे’ हे त्याहून स्पष्ट. ‘आय विल रिव्हर्ट’ऐवजी ‘आय विल कॉल यू बॅक बाय फाइव्ह’. आणि पाच म्हटलं तर पाचच्या आत फोन झालाच पाहिजे, सांगण्यासारखं काही नसलं तरी.

‘पुढच्या शुक्रवारी’ हा घोळ दोन्ही भाषांत सारखाच. त्यात आपल्याकडे ‘येत्या शुक्रवारी’ हा चांगला शब्द आहे, त्याला ‘धिस कमिंग फ्रायडे’ म्हण. ‘नेक्स्ट फ्रायडे’ ऐकलंस की लगेच तारीख विचार. इंग्रज म्हातारे ‘फ्रायडे वीक’ म्हणतात, म्हणजे येत्या शुक्रवारनंतर आठ दिवसांनी येणारा शुक्रवार. ‘फोर्टनाइट’ म्हणजे पंधरवडा, तो अमेरिकनांना सहसा कळत नाही. आणि तारीख लिहिताना महिना अक्षरात लिही. आपण आधी दिवस लिहितो, अमेरिकन आधी महिना. 4/5 हे तुला चार मे, त्याला पाच एप्रिल.

आपल्या गोव्याची म्हणून एक खास अडचण आहे: ‘आफ्टर लंच’. बाहेरच्याला ते दोन वाजताचं वाटतं. इथे दुपारी एकच्या सुमाराला शटर खाली येतं आणि माणसं चारला डोळे चोळत परत येतात. भर उन्हात बंद दारापुढे उभे राहिलेले पाहुणे मी कितीदा पाहिलेत. म्हणून ‘आफ्टर लंच’, ‘इन द इव्हनिंग’ असलं काही नको. ‘वी क्लोज अ‍ॅट वन अँड ओपन अगेन अ‍ॅट फोर’ हे आधीच सांग, आकडे तुझ्या दवाखान्याचे घाल. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराचंही सांग: ‘फ्रायडे इज मार्केट डे, सो प्लीज अलाउ एक्स्ट्रा टाइम.’

व्हिडिओवर बोलायच्या मिटिंगा तुलाच लावाव्या लागतील. आपले कितीतरी लोक ब्रिटनमध्ये स्विंडनला आणि पोर्तुगालमध्ये लिस्बनला आहेत, ते सुट्टीला यायच्या आधी डॉक्टरांशी बोलून घेतात. ब्रिटनचं आणि लिस्बनचं घड्याळ सारखंच चालतं. हिवाळ्यात ते आपल्या साडेपाच तास मागे, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास मागे. दोन्ही घड्याळं एका वाक्यात सांग: ‘थ्री थर्टी इंडिया टाइम, दॅट इज टेन इन द मॉर्निंग फॉर यू.’ जुलै असेल तर तेच दहा आपल्या अडीचला. इथे ‘मिटिंग’ किंवा ‘कॉल’ म्हण. डॉक्टरांशी ‘डेट’ आहे असं मात्र म्हणू नकोस, त्याचा अर्थ वेगळा होतो. आणि कुणी नुसतं ‘लेट्स कॅच अप समटाइम’ म्हटलं तर ते आपल्या ‘या एकदा घरी’सारखं आहे, वहीत लिहू नकोस.

फोन ठेवल्यावर लगेच मेसेज पाठवायचा, तासाभराने नाही. साचा तयार ठेव: ‘कन्फर्मिंग युअर अपॉइंटमेंट: थर्सडे, फिफ्टीन्थ जॅन्युअरी, टेन थर्टी एएम.’ खाली पत्ता, जवळची खूण आणि ‘इफ यू नीड टू चेंज इट, प्लीज लेट अस नो बाय फाइव्ह पीएम ऑन वेन्सडे.’ ऐकण्यात काही चुकलं असेल तर ते इथे उघडं पडतं, आणि पेशंट घरून निघायच्या आधी पडतं.

सराव आरशासमोर करू नकोस. फोनवर चेहरा दिसत नाही, म्हणून बहिणीला दुसऱ्या खोलीत बसव आणि खरोखर फोन लाव. तिला मुद्दाम भरभर बोलू दे, मध्येच वार बदलू दे. आणि एक वाक्य सगळ्यांच्या आधी पाठ कर, कारण पहिल्याच दिवशी ते लागेल. काही कळलं नाही तर ‘व्हॉट?’ नको, आणि न कळता ‘ओके, ओके’ तर मुळीच नको. सावकाश म्हणायचं: ‘सॉरी, आय डिडन्ट कॅच दॅट. कुड यू से इट अगेन, अ लिटल स्लोअर, प्लीज?’ दुसऱ्यांदाही नाही कळलं तर तिसऱ्यांदा विचार. तीनदा विचारलं म्हणून आजवर माझ्यावर कुणी पेशंट रागावला नाही.